साडूंच्या सुपर ट्वीटरची वायर

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांची हकीकत वेगळी आहे, ती कलम ३ मध्ये येईल.

१. राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझ्या पश्चात पत्नीचे, व तिच्या पश्चात मुलीचे राहील. बँकेतील शिल्लकही पत्नीची. साडूंच्या घराला आमच्यापेक्षा तीन खोल्या जास्त आहेत, हे इथे नमूद करण्याचे कारण नाही, तरी करतो.

२. दुकान मुलगी चालवतेच. तेथील सर्व हत्यारे तिची. माझी लहान पक्कड कोणालाही उसनी देऊ नये. समोरच्या घड्याळवाल्याला तर मुळीच नाही.

३. पुढच्या खोलीतला हाय-फाय संच पत्नीला द्यावा. त्यातला अ‍ॅम्प्लिफायर मी बांधला, स्पीकरची खोकी मी कापली. दाराबाहेर उभा राहून आतल्या रेडिओत काय बिघडले ते मी सांगत असे, म्हणून गिऱ्हाइके मला ‘कानसेन’ म्हणत. साडू, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, विमा कचेरीत साहेब होते. ढोल वाजला की दार आपटले हे त्यांना कळत नाही, असे माझे मत होते.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी सुपर ट्वीटर आणले. स्पीकरच्या डोक्यावर ठेवायच्या या दोन डब्या; अगदी वरच्या पट्टीतला, केसासारखा बारीक आवाज तेवढा त्यांतून येतो. त्या रविवारी पत्नी त्यांच्या सोफ्यावर डोळे मिटून बसली आणि म्हणाली, “भाऊजी, व्हायोलिनचा सूर कसा हवेत विरतोय! आमच्याकडे तुटल्यासारखा संपतो.”

आमच्याकडे! पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या स्पीकरसाठी तिने असे एक वाक्य खर्चले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात साडू मला म्हणाले, “कान लागतो, साडूभाऊ, कान!”

मला काडीचा फरक ऐकू आला नव्हता. पुढच्याच आठवड्यात मीही तशी जोडी आणली. जोडून ऐकले, सोडून ऐकले. काही नाही. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली. ती निम्म्या वाटेवर कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. “याच्या वरचं आता ऐकू येणार नाही. वय झालं की होतं असं,” ते म्हणाले. ज्या आवाजापायी मी जळत होतो, तो माझ्यापुरता जगातून उठून गेला होता. घरी मी कोणाला सांगितले नाही.

पत्नीला विचारले, “ताईकडच्यासारखं वाटतंय का?”

“तसंच हो,” ती म्हणाली. तरी रविवार आला की चार वाजताच तयार होऊन बसायची.

एका रविवारी सगळे चहाला आत गेलेले असताना मी साडूंच्या दोन्ही सुपर ट्वीटरच्या वायरी काढल्या आणि डब्यांमागे खोचून ठेवल्या. साडू आले, खुर्चीवर ताल धरून म्हणाले, “बघा, काय उघडतंय!” मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेव्हापासून गेली तीन वर्षे मी दर रविवारी तेवढ्यासाठी जात आलो. पत्नीचे मात्र नेमके रविवारी डोके दुखू लागले. मी एकटा जायचो.

४. वरचे कलम आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, लिहीत होतो, तेव्हा पत्नी मागे येऊन उभी राहिली. तिने चष्मा लावून सगळे वाचले.

“मला वाटलंच होतं, हे तुम्ही कधी तरी लिहाल,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“मला ऐकू येतं हो. त्याच दिवशी आवाजावर झाकण पडल्यासारखं झालं. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही हसत होतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“भाऊजींसमोर तुमची शोभा करू? आणि तिथे बसून छान छान म्हणायला मला जमलं नसतं. म्हणून जाणंच सोडलं.”

दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तिच्यासह साडूंकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकले. साडू खाली मान घालून म्हणाले, “वायरी सुटलेल्या मला दुसऱ्याच महिन्यात दिसल्या, धूळ पुसताना.”

“मग जोडल्या का नाहीत?”

“मला कुठे काय ऐकू येत होतं! म्हटलं, तुम्ही कानसेन, विचार करूनच काढल्या असतील. विचारावं तर माझाच कान कच्चा ठरायचा. तुमचा चेहरा खुलला की मी म्हणायचो, काय उघडतंय.”

मी वायरी जोडल्या. पत्नी सोफ्यावर बसली, डोळे मिटले, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेले. आम्ही दोघे दगडासारखे तिच्याकडे बघत राहिलो. मला पुन्हा मत्सर वाटला. या खेपेला साडूंचा नव्हे, तिचा.

५. मी बांधलेला दुसरा अ‍ॅम्प्लिफायर साडूंनी एकदा मागितला होता. तो जळाला, असे मी सांगितले. तो चालू आहे. त्यांना द्यावा.

६. माझ्या पश्चात पत्नीने रविवारी साडूंकडे गाणे ऐकायला जाण्यास माझी हरकत नाही. या वाक्यातला ‘नाही’ हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे. दोन्ही खाडाखोडी माझ्याच हातच्या असून समासात सही केली आहे.

मृत्युपत्र लिहून देणार: (सही) कानसेन

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्यासमक्ष केली:
१. (सही) शेजारचे शिंपी
२. (सही) ग्रंथालयातील बाई

ठिकाण: घराची पुढची खोली
दिनांक: महिन्याची एकोणीस तारीख, रविवार, दुपारी साडेतीन. पत्नी तयार होऊन बसली आहे.