विहीणबाईंची नऊ टाइल्सची शाल

रास अल खैमा

तीर्थस्वरूप अक्कास,

सूर्यकांतचे अनेक दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सुखरूप. पोलंडच्या विहिणीला मानपान कशाशी खातात हे ठाऊक नसणार, म्हणून तू ईशानीच्या लग्नाला येणार नाहीस, हा तुझा निरोप पोचला. त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त लोकरीबद्दल आहे.

विहिणीला शालीचा मान द्यायचा, असं मी ठरवलं. अनुराधा म्हणाली, विकत आणा. पण विकतची शाल कुणीही देतं (नगरसेवकसुद्धा). शिवाय लहानपणी मला गालगुंड झालं असताना तू अंथरुणात बसवून उलटे-सुलटे टाके शिकवले होतेस, ते वाया का घालवा? बाईंना आपलेपणा वाटावा म्हणून शालीवर त्यांच्याकडचे जुने देव घ्यायचे ठरले, ख्रिस्ती होण्याआधीचे. चांगले देव आहेत. पेरून म्हणून एक आहे, तो वीज पाडतो, म्हणजे आपला इंद्रच, फक्त दाढीवाला. मोकोश नावाची देवी बायकांच्या सूतकताईवर लक्ष ठेवते आणि कुणी कामचुकारपणा केला की रागावते. तिचा स्वभाव मला ओळखीचा वाटला.

लोकर शारजात मिळाली. दुकानदाराने हळहळून विचारलं, बदली कुठल्या थंड देशात झाली? परतताना ट्रॅफिकमध्ये पेरूनची अर्धी दाढी विणून झाली (गाडी हलतच नव्हती, कायदा मोडलेला नाही). घरी एसी सोळावर ठेवून मी मांडीवर लोकर घेऊन बसायचो आणि अनुराधा स्वेटर घालून स्वयंपाक करायची. शेजारचे बदरुद्दीन (रत्नागिरीचे, सज्जन माणूस) दारातूनच म्हणाले, "सूर्यकांतभाऊ, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. यल्ला, चला, खलास करा हे."

पण सगळा जन्म टाइल्सच्या कारखान्यात काढलेला माणूस शालसुद्धा फरशीसारखीच घालणार. साठ बाय साठ सेंटिमीटरचे नऊ तुकडे, प्रत्येकात एक देव, आणि जोडणीची सुरुवात मधल्या टाइलपासून, कारण मधली सरळ बसली की सगळी फरशी सरळ. मधला मान कुणाला द्यायचा? शाल थंडीची, म्हणून थंडीच्या देवीला, मझान्नाला. तिच्या कपाळावर मी हळदीचा एक आणि कुंकवाचा एक असे दोन टाकेही घातले. फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही, की टाइल ताणली जात नाही आणि लोकर जाते. शाल उचलून धरली तर तिचं दुसरं टोक पॅसेजमध्ये. ईशानी म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट अ शॉल. धिस इज फ्लोअरिंग." मला ते कौतुकच वाटलं.

मग व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना शाल दाखवली. हालिनाबाई बघतच राहिल्या. मग काहीतरी बोलल्या, आणि आपल्या तोमेकने (होणारा जावई) खाली मान घालून त्याचं भाषांतर केलं. मझान्ना थंडीची देवी आहे, तशीच मरणाचीही. थंडी सरली की त्यांच्याकडची पोरं तिचा गवताचा पुतळा करून पेटवतात, नदीत बुडवतात आणि मागे न बघता घरी जातात. म्हणजे मुलीच्या सासूच्या पाठीवर मी हळदकुंकू लावून मरण बसवलं होतं.

बाई रागावल्या नाहीत, हे तुला मुद्दाम कळवतो. त्यांनी विचारलं, विणायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, थोरल्या बहिणीने. त्यावर त्या म्हणाल्या, मग शाल त्यांच्याच हातून मिळायला हवी, मी त्यांच्याकडूनच घेईन. (पोलंडची बाई हे म्हणते, अक्का.) मी म्हटलं, त्याच देणार आहेत. बोलून गेलो खरा.

बाकी विशेष नाही. औषधं वेळेवर घे.

तुझा,
सूर्या

ता. क. मझान्नाचा तुकडा उसवायला हवा. तू मला विणायला शिकवलंस, पण उसवायचं शिकवण्याआधीच माझं गालगुंड बरं झालं. तेव्हा तू लग्नाच्या आठ दिवस आधी यावंस. तिकीट पाठवलं आहे.

ता. क. २. ईशानीने आत्ताच मोबाइलवर बघून तो तुकडा उसवला. चहा निवायच्या आत. म्हणजे तुझ्यासाठी ते कामही उरलं नाही. शाल राहू दे, मानपानही राहू दे. आई गेल्यावर माझ्याहून मोठी अशी तू एकटीच आहेस. त्या दिवशी मांडवातले सगळे येऊन माझ्या पाया पडतील. मी कुणाच्या पडायचं?