रस्त्याकडे पाठ केलेलं प्रसूतिगृह

४ जून
पाडायच्या इमारतींची यादी आली. तिसऱ्या क्रमांकावर माझं प्रसूतिगृह! सरकारी वास्तुरचनाकार म्हणून माझी पहिली इमारत. कारण – ‘प्रवेशद्वार रस्त्याच्या उलट बाजूस.’ अभिप्राय आठ दिवसांत, आणि तो माझ्याचकडून हवा. पोटच्या पोराच्या फाशीवर बापाची सही.

५ जून
दिवसभर जुना आरेखन कक्ष आठवत राहिला. उतरती टेबलं, शाईनं काळी बोटं, कुणी शिंकलं की सगळ्यांच्या शिव्या. एकच ठरीव नकाशा दहा गावांना चालायचा. प्रत्येक जागेसाठी उत्तरेचा बाण तेवढा नव्यानं काढायचा; त्यावरूनच इमारतीचं तोंड ठरायचं. आमच्या आरेखकांनी, मास्तरांनी, तो उलटा काढला. मी न बघता सही ठोकली. भिंती खांद्याला आल्या तेव्हा कळलं – दार शेताकडे, बाळंतिणींच्या खोल्या रस्त्याकडे! मास्तरांची बढती कायमची अडली. मला अठ्ठावीस वर्षं पुरेल असा किस्सा मिळाला. ही म्हणते, “पुरे आता तो बाण. पाहुणे तुमच्या आधी हसतात.”

८ जून
जाऊन आलो. गिलावा फुगलाय, रंग उडालाय. भिंती मात्र अजून ओळंब्यात, सरळ उभ्या. सकाळचे आठ. खोल्यांत ऊन थेट खाटांपर्यंत आलेलं, बाया बाळांना मांडीवर घेऊन त्यात बसलेल्या. सिस्टर म्हणाल्या, “नकाशा काढणाऱ्याला अक्कल होती हो.” मी नम्रपणे मान लववली. लाज वाटायला हवी होती. बरं वाटलं!

९ जून
मास्तरांना हे सांगायलाच हवं. चूक फळली म्हणावं.

१० जून
मास्तर थकलेत. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
“चूक नव्हती, साहेब. बाण मुद्दाम फिरवला. आधी तुम्हाला विचारलं होतं – खोल्यांना सकाळचं ऊन मिळेल म्हणून. तुम्ही म्हणालात, आरेखकानं रेघा ओढाव्यात.”
म्हणालो होतो. आज आवाजासकट आठवलं.
चौकशीत गप्प का राहिलात, असं विचारलं.
“मुद्दाम केलं म्हटलं असतं, तर भिंती पाडायला लावल्या असत्या. चूक म्हटली की सरकार पुढे सरकतं.”
चहा घेतला. किस्सा सांगायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

११ जून
अभिप्राय दिला – दिशा योग्य, पाडू नये. ‘मूळ रचना’च्या रकान्यात माझं नाव छापलेलं होतं. खोडून मास्तरांचं लिहिलं.