चिरंजीवांच्या नावाचा गोपनीय तपास

६ फेब्रुवारी
मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी मी हातापायांची बोटं स्वतः बघून घेतली. बरोबर आहेत.
नर्सने विचारलं, नाव काय ठेवणार? नर्सला इतक्यात कशाला हवंय? ठरायचंय, एवढंच सांगितलं.
संकल्प: नाव मी ठरवणार. आधी मूळ, मग अर्थ, मग निर्णय. मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करतो. पाण्यात बुडाले म्हणून सांगितलेले सोफे मी कोरडे ठणठणीत शोधून काढले आहेत. एक नाव म्हणजे काय मोठंसं!

९ फेब्रुवारी
मंडळी बाळासह घरी आली. सासूबाई मदतीला आल्या आहेत.
मुलांच्या नावांचं पुस्तक आणलं. घोर निराशा. निम्म्या नावांचा अर्थ सूर्य, उरलेल्यांचा तेजस्वी. लेखक कंटाळला आणि वरचंच खाली उतरवत गेला, हे उघड आहे. क्लेममध्ये असं दिसलं तर मी लाल पेनने गोल करतो. इथेही केले.
रेयांश म्हणजे म्हणे किरणाचा अंश. रे इंग्रजी, अंश संस्कृत. या दोघांची गाठ कुणी घालून दिली?
ही म्हणाली, संध्याकाळी दोघं बसून ठरवू. म्हटलं, तू आराम कर. हे जोखमीचं काम आहे.

१२ फेब्रुवारी
साडूभाऊ बाळाला बघायला आले. मेहुणीला नववा चालू आहे, म्हणजे त्यांनाही लवकरच नाव लागणार. हे लक्षात ठेवण्यासारखं.
जाता जाता सहज म्हणाले, 'अनय' ठेवा, छान वाटतं. सहज! साडूभाऊ सहज काही करत नाहीत. लायब्ररीतून संस्कृतचा जाडा कोश आणला होता, तो उघडला. अनय: अनीती, दुराचार, संकट.
म्हणजे माझ्या मुलाच्या गळ्यात संकट बांधायचं आणि चांगलं नाव स्वतःच्या मुलाला ठेवायचं. डाव लक्षात आला. हिला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना कोश म्हणजे काय तेही माहीत नसेल. इतकी भोळी आहे ही.

१५ फेब्रुवारी, दुपारी
सापडलं. मूळ शुद्ध, अर्थ भारदस्त, पुस्तकात नाही, ऑफिसात नाही, बिल्डिंगमध्ये कुणाचं नाही. इथेही लिहिणार नाही. रोजनिशी कपाटात असते, कपाटाची किल्ली सासूबाईंना माहीत आहे.
हिने विचारलं, सुचलं का काही? म्हटलं, चालू आहे. शेजारच्या खोलीत तिची आई होती.

१८ फेब्रुवारी
नाव जाहीर करण्याआधी घरात गळती कुठून होते ते कळायला हवं. आमच्या खात्यातली जुनी युक्ती वापरतोय. प्रत्येक संशयिताला वेगळी माहिती द्यायची. जी माहिती बाहेर फुटेल, तिच्यावरून माणूस पकडायचा.
सासूबाईंना सांगितलं: मिहिर. कुणाला बोलू नका. त्यांचे डोळे भरून आले. (मिहिर म्हणजे सूर्य. शब्द इराणकडून आला असं म्हणतात. म्हणूनच खऱ्यासाठी बाद केला होता.)
साडूभाऊंना फोनवर: अर्णव.
ऑफिसात साहेबांना: निनाद.
तिघांनीही शपथ घेतल्यासारखा आवाज काढला. बघूया.

२२ फेब्रुवारी
अजून काही फुटलेलं नाही. हे नैसर्गिक नाही.

२६ फेब्रुवारी
अजूनही नाही. तिघं मिळालेले तर नाहीत? पण सासूबाई आणि साहेब एकमेकांना ओळखत नाहीत. निदान मला तसं सांगण्यात आलंय.
बाळ माझ्याकडे टक लावून बघतं. डोळे हिचे, नजर मात्र तपासनिसाची. वारसा.
ही गप्प गप्प असते. झोप होत नसेल.

१ मार्च, रविवार
सविस्तर लिहितो, कारण पुढे माझी बाजू मांडावी लागेल.
सकाळी सासूबाई बाळाला आंघोळ घालत होत्या. दार लोटलेलं. ही टॉवेल द्यायला गेली तर आतून अगदी हळू आवाजात ऐकू आलं, मिहिरबाळा, झालं हं, झालं. बाहेर येऊन तिने मला विचारलं, हा मिहिर कोण? म्हटलं, तुझ्या आईला विचार.
तेवढ्यात साडूभाऊ दुपटं घेऊन आले. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेलं: अर्णव. बायकोलासुद्धा कळू दिलं नाही, दुकानातून गुपचूप करून घेतलं, असं अभिमानाने म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, अर्णव कसा, मिहिर ना? मग स्वतःच तोंडावर हात ठेवून माझी माफी मागितली.
दुपारी साहेबांच्या शिपायाने पाकीट आणून दिलं. सील केलेलं, वर 'खासगी'. आत शुभेच्छापत्र. चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.
म्हणजे तिघांनीही गुपित पाळलं. शंभर टक्के. माझ्या नोकरीत असं कधी घडलेलं नाही.
सगळे गेल्यावर ही बोलली. आवाज चढवला नाही.
"सगळ्यांना एकेक नाव दिलंस. माझ्या वाट्याला कुठलं?"
मी समजावलं की खोटी नावं फक्त संशयितांना द्यायची असतात. तिला काहीच सांगितलं नाही, यातच तिच्यावरचा विश्वास दिसतो. तिने विचारलं, खरं कुठलं? मग नाइलाजाने खरं नाव सांगितलं: अन्वीक्ष. अन्वीक्षा म्हणजे शोध, चौकशी, तपास. मूळ संस्कृत, 'ईक्ष्' म्हणजे पाहणे, त्याला 'अनु' लागून.
ती म्हणाली, "तू आपल्या मुलाला तुझ्या खात्याचं नाव देतोयस."
आणि पलीकडे तोंड करून त्याला दूध पाजायला बसली.

२ मार्च
घरात नाव ठेवायचं राहिलं बाजूला, सगळे मलाच नावं ठेवतायत. सासूबाई चहा समोर आदळून जातात. 'अन्वीक्ष' मोठ्याने म्हणून बघितलं. बाळाला शिंक आली. अर्थ लावण्यासारखी नव्हती.

५ मार्च
मेहुणीला मुलगी झाली. साडूभाऊंनी फोनवर नावही सांगून टाकलं, हॉस्पिटलातूनच, अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं. नाव चोरण्याचा हेतूच उरला नाही. तरी केस बंद करत नाही.

९ मार्च
बाळाची महिन्याची तपासणी होती. मी एका जळालेल्या दुकानाच्या पाहणीला गेलो होतो, हिला म्हटलं होतं उद्या जाऊ. ती आईला घेऊन जाऊन आली. तिथे नाव विचारलं असणार. काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चालू आहे."
हे माझं वाक्य आहे.

१२ मार्च
पक्की खबर: त्याला नाव आहे. सासूबाई गुणगुणत असतात आणि मी खोलीत शिरलो की नेमक्या एका शब्दाशी थांबतात. फोनवर ही मेहुणीशी बोलताना 'तो' म्हणते, मी लांब गेलो की आवाज बदलतो. साडूभाऊंना विचारलं. म्हणाले, मला शपथ घातलीय. आणि हा माणूस शपथ पाळतो, हे मीच सिद्ध करून बसलोय.
आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय पूर्णपणे खरा निघाला. आनंद व्हायला हवा होता.

१४ मार्च
ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी जवळ गेलो. म्हटलं, चुकलं माझं, तुला आधी सांगायला हवं होतं. तिने चिमटा दातातून काढला. म्हणाली, "सांगायला नाही. विचारायला."
उरलेले लंगोट मी वाळत घातले. तिने दोन काढून पुन्हा नीट घातले.

१५ मार्च
बाळाला सर्दी. डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब लिहून दिले. चिठ्ठी हिने फोनवरून औषधवाल्याकडे आधीच पाठवली होती, मी फक्त आणायला गेलो. दुकानात गर्दी. औषधवाल्याने पुडी हातात घेऊन वरचं वाचलं आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मला विचारलं, "सुहृदचे बाबा तुम्हीच ना?"
गर्दीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओळखपत्र खिशात होतं, चिठ्ठी मागून बघता आली असती, पत्ता पडताळता आला असता.
मी हो म्हणालो.
घरी येईपर्यंत वाटेत तेच म्हणत होतो. सुहृद. सु आणि हृद्. चांगल्या हृदयाचा, म्हणजे मित्र. कोश काढावा लागला नाही. थेंब घातले तेव्हा खूप रडला. मी नावाने हाक मारली. थांबला नाही, पण मलाच बरं वाटलं. ही दारात उभी होती, हसली असावी.
नाव उत्तम आहे. माझ्या डोक्यात होतंच. मी फक्त बोललो नव्हतो.