पुन्हा पहिल्या बाकावर

९ जून

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र माझ्याआधी पोचलं असेल आणि त्यात माझं डोकं फिरल्याचं लिहिलं असेल. खरं काय ते ऐक. व्हायोलिनच्या सहा परीक्षा झाल्या, प्रगत वर्गाची शेवटची पुढच्या महिन्यात. नव्या बाईंनी मला एकाच तारेवर सावकाश गज ओढायला सांगितला आणि गज थरथरला! जलद वाजवताना हे झाकलं जातं, म्हणाल्या. गजाची पकडच मुळात चुकलीये, मनगट दुखतं ते त्यामुळेच. अशीच वाजवत राहिलीस तर दोन वर्षांत हात जाईल.

मी परीक्षेचा अर्ज मागे घेतला आणि पकड पहिल्यापासून शिकायला सोमवारी बालवर्गात जाऊन बसले. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागतात. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, मी किती वेळा नापास झाले म्हणून. बाबा बोलत नाहीत. मी मात्र उठणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
टिल्लू

२० जून

चि. टिल्लूस, अ. उ. आ.

तुझ्या बापाने चार पानं खरडलीत. तुला समजवायचं काम माझ्यावर टाकलंय. ते मी करणार नाही, असं त्याला कळवलंय. पण अकरा वर्षं त्याने तुला ऊन-पाऊस न बघता क्लासला पोचवलं, हेही विसरू नकोस.

माझ्या शिवणवर्गातल्या मुली बाही उलटी जोडतात आणि इस्त्री केली की बसेल म्हणतात. मी त्यांना उसवायलाच लावते. रडतात, पण उसवतात. तेव्हा तुझं मला पटलं. फक्त एक खरं सांग, परीक्षेला घाबरून तर तिथे लपली नाहीस ना?

जेवणाची हयगय नको. आशीर्वाद आहेतच.

आत्या

१४ डिसेंबर

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण खरं सांगायचं होतं. घाबरले होते. पहिले पंधरा दिवस लपलेच होते म्हण. मग एक दिवस गज सरळ गेला, आणि लपायचं राहूनच गेलं.

काल वार्षिक कार्यक्रम झाला. क्लासचे मुख्य सर म्हणाले, लहानांत घोडी शोभत नाही, तू खालीच बस. मी म्हटलं, शिकते त्यांच्याबरोबर, तर वाजवेनही त्यांच्याबरोबरच. चढले मंचावर. लोक हसले गं, चांगले खदखदून. कान तापले, पण गज थरथरला नाही.

बाबा न सांगता आले होते, शेवटच्या रांगेत. बाहेर भेटल्यावर, त्यांना अजूनही हे पटलेलं नाही, असं आधी बजावून घेतलं. मग मनगट दुखतं का विचारलं. नाही म्हटलं. थोडं चालल्यावर म्हणाले, ते काय वाजवलंस ते घरी पुन्हा वाजव, शेजारचा माणूस इतका हसत होता की मला नीट ऐकूच आलं नाही.

आम्ही दोघंही तुझ्या लोभातले आहोत, तसंच राहू दे.

तुझी,
टिल्लू