यादीतून हरवलेले मालक

मंगळवार, ता. ९ जुलै, बुद्धसंवत २५६७, सकाळी सव्वादहा. कार्यालयात टेबलाखाली डबा लपवून चिकट भात खातो आहे.

आदरणीय नोक मावशी यांना हात जोडून वंदन. तुमचे गुडघे बरे असतील. माडाच्या गुळाला यंदा भाव आहे ना? (फोन केला असता, पण तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की इथे गोदामापर्यंत ऐकू जातं.)

तुमच्या शब्दावर मालक मू साहेबांनी मला या फिश सॉसच्या कारखान्यात घेतलं. माझं शुद्धलेखन चांगलं, म्हणून ईमेलचा कारभार माझ्याकडे आला. सेटिंगांच्या पानावर ‘फक्त अधिकृत नावे दाखवा’ अशी एक चौकट होती. अधिकृत ते चांगलंच, असं समजून मी तिच्यावर खूण केली, आणि सगळ्यांची हाकेची नावं यादीतून गेली. कुंग नाही, कोप नाही, मूसुद्धा नाही. उरली ती नुसती लांबलचक नावं, जी लग्नपत्रिकेखेरीज कुठे कुणी वाचलेली नाहीत. माल पाठवणाऱ्या कुंगताईंनी कोप ड्रायव्हरला म्हणून लिहिलं, ‘मेल्या, येताना भाजलेलं बदक आण, आणि मागच्यासारखा वाटेत तंगडी खाऊन येऊ नकोस.’ (“नाव वाचून ड्रायव्हरच वाटला रे,” असं त्या म्हणतात.) ते गेलं साहेबांच्या दोन नंबरच्या भावाला. वडिलांच्या सॉसच्या कृतीवरून सात वर्षं दोघांत दावा चालू आहे. त्यांचं उत्तर आलं: ‘तंगडी कुणी खाल्ली ते कोर्टातच बघू.’

साहेबांनी मला बोलावून घेतलं. “पोरा, शुक्रवारपर्यंत माझी माणसं मला परत दे. दिलीस तर नोकरी पक्की. नाहीतर बर्फ फोडायला जायचं.”

खूण काढायला मालकांची मंजुरी लागते. (हा नियम मीच गेल्या महिन्यात घातला, सुरक्षितता म्हणून.) मंजुरीचं पत्र यंत्रणा आपण होऊन पाठवते, मी यादीतून फक्त मालकांचं नाव निवडायचं. बाकी सगळं ठीक आहे. तब्येतीला जपावं.

तुमचा भाचा,
तुम

ता. क. — मालक यादीत कोणते, ते मला माहीत नाही. साहेब धरून यादीत भाऊ पाच, आडनाव एक. दोन नंबरचे बदकामुळे कळले; उरले चार, आणि त्यातले तिघे साहेबांशी बोलत नाहीत. पगारपत्रकात पाहावं तर मालक पगार घेत नाहीत, आणि त्यांची सही म्हणजे नुसतं वेटोळं. पाच महिने ज्यांच्यापुढे हात जोडतो, त्यांना ‘आपलं नाव काय’ असं कसं विचारू? तुम्ही शाळेत त्यांच्या शेजारच्या बाकावर होतात. गुरुजी हजेरीला काय पुकारत, तेवढं आठवून कळवावं.

ता. क. २ — (पोस्टातून, पाकीट चिकटवण्याआधी) पाकिटावर ‘नोक मावशी, मिठाईवाल्या, पुलाजवळ’ एवढंच लिहिलं आहे. पोस्टातल्या बाईंनी पूर्ण नाव विचारलं, तेव्हा मी खोकला आल्याचं दाखवलं. उत्तरात तुमचंही नाव कळवावं.