दार लावून घे

प्रिय धाकोबा,

परवा येऊन गेलास आणि नेहमीप्रमाणे बाहेरचं दार सताड उघडं टाकून गेलास. शेजारच्या मांजराने सगळ्या दुधावर ताव मारला. माझ्या घरात तू कुठलंच दार लावत नाहीस, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? तुझ्या भावजींना मी सांगते की त्याला लहानपणापासूनची खोड आहे. साफ खोटं.

वाद्यवृंदात माझ्या खुर्चीवर आता एक चुणचुणीत मुलगी बसते. मुद्दाम ऐकायला गेले होते. छान वाजवते, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. इतकी वर्षं वाटायचं, माझ्यावाचून यांचं अडेल. कुणाचं काही अडलं नाही. डाव्या हाताची मधली दोन बोटं अजून वाकत नाहीत. डॉक्टर हल्ली त्यांचा विषयच काढत नाहीत, हवापाण्याच्या गप्पा मारतात.

पण एक गंमत ऐक. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या आपल्या म्हाताऱ्याने माझ्या व्हायोलिनच्या तारा उलट्या क्रमाने लावून दिल्या. आता उजव्या हाताने तारा दाबायच्या आणि डाव्या हाताने गज ओढायचा. गज धरायला ताठ बोटंही चालतील म्हणाला. तुला गज धरायला मी शिकवलं, आणि आता माझाच एक सूर धड लागत नाही. काल शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या, तुमच्या बिजागरीला तेल घाला. हस, खुशाल हस.

त्या दिवशी कार्यक्रमाला उशीर होत होता. गाडीत बसता बसता मीच ओरडले होते, लाव रे दार. हात आत घ्यायची राहिले तीही मीच. तू फक्त ताईचं ऐकलंस, आयुष्यभर ऐकत आलास तसं. हे तोंडाने सांगायला गेले की तू उठून जातोस. आणि तेव्हापासून तूही वाजवणं सोडलंस. माझं गेलं ते गेलं, पण तुझं का जावं? याचा मला राग येतो, बोटांपेक्षा जास्त येतो.

तर पत्राचं कारण असं, की मला पहिल्यापासून शिकायचंय आणि माझी शिकवण्याची पद्धत माहीत असलेला गुरू तू एकटाच आहेस. रविवारी ये. तुझं व्हायोलिन घेऊन ये, नुसतं तोंडी शिकवणं मला चालणार नाही. आणि आत आलास की दार लावून घे. मी आतच असेन, दोन्ही हातांनिशी.

तुझीच नवी, जरा मठ्ठ विद्यार्थिनी,
ताई