ऑइलचा ताप मोजायचा कुठे?

दि. ६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. मला मोठ्याने बोलता येत नाही हे वाक्य वाचून आई बराच वेळ हसत होती.

मागच्या महिन्यात आईला घेऊन तुमच्याकडे निघाले होते, पण अर्ध्या घाटात ऑइलचा लाल दिवा लागला आणि आम्ही मुकाट्याने परत फिरलो. गॅरेजवाल्याचं म्हणणं असं, की बाबांच्या गाडीचं इंजिन आता म्हातारं झालंय, लांब चढणीला ऑइल तापून पाण्यासारखं पातळ होतं. दिव्याची वाट बघण्यापेक्षा ऑइल किती तापलंय ते दाखवणारा काटा समोर असलेला बरा, वेळीच थांबता येतं. म्हणून बाजारातून मीटर आणि सेन्सर आणलाय.

आता घोडं अडलंय ते सेन्सर बसवायचा कुठे यावर. ऑइल बदलताना, ऑइल साठतं त्या चेंबरखालचा जो ड्रेन बोल्ट काढतात, त्याच्या जागी तो चपखल बसतो. रोज नळ आणि पाइप जोडणाऱ्या माझ्यासारखीला ते डाव्या हाताचं काम. दुकानदार मात्र फिल्टरपाशी बसव म्हणतो. तुमचा जन्म इंजिनं उघडण्यात गेला, तेव्हा तुम्हीच निवाडा करा.

आईला बस लागते आणि तुम्ही काही केल्या इकडे येत नाही. तिने बॅग भरून ठेवली आहे आणि रोज तुमचा विषय काढते. लवकर कळवा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो ऑइलसारखा पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
खटपटी

दि. १४ जानेवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

माझा चष्मा फुटला आहे, म्हणून मी सांगतोय आणि तुझी मामी लिहून घेते आहे. मधेमधे ती स्वतःचं काही घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मी काही घुसडत नाही. मामी.)

ड्रेन बोल्टचं नाव काढू नकोस. त्या गाडीचं पोट आधीच जमिनीला लागायला आलंय. एखादा दगड लागला की सेन्सर जाईल आणि त्याच्यामागून सगळं ऑइल रस्त्यावर. शिवाय तिथे खालून वारा लागतो, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तापाच्या माणसाला पंख्याखाली बसवून कपाळाला हात लावण्यातला प्रकार आहे तो.

दुकानदाराचं ऐक. इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये बसणारी एक चकती मिळते, तिच्या कडेला सेन्सरसाठी भोक असतं. पंपाने पुढे ढकललेलं वाहतं ऑइल तिथे सापडतं, म्हणून ती जागा विश्वासाची. जुना फिल्टर सोबत नेऊन आटे जुळवून घे आणि रबरी वॉशरला ऑइलचं बोट फिरवून मगच बसव.

घाई मात्र नको. मी ठणठणीत आहे असं ताईला सांग. माझ्या दुकानात दुरुस्तीच्या कामाचा इतका रेटा आहे, की ती आली तरी मला तिच्याशी दोन शब्द बोलायला फुरसत नाही. रेटा ओसरला की मीच कळवीन.

तुझा,
मामा

दि. २७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चकती बसली. पहिली आणलेली बसेना, कारण जुना फिल्टर न नेताच गेले होते. सांगितलेलं न ऐकणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे आणि तो तुमच्याच बाजूने आलाय असं शेजारच्या काकूसुद्धा म्हणतात. आता सगळं कोरडं ठणठणीत आहे, गाडीखाली पुठ्ठा ठेवून बघितला, एक डाग नाही.

पण मीटरचा काटा रुसून बसलाय. गावाबाहेर लांब चक्कर मारून आणली, फिल्टरला हात लावला तर चटका बसला, तरी काटा आपला थंडच्या खुणेवर. सेन्सर काढून पुन्हा बसवला. आट्यांवर नळाला लावतो त्या टेपचे चांगले जाड वेढे देऊन असा आवळलाय, की थेंब बाहेर यायची बिशाद नाही. तरी तेच. जागाच चुकली का हो?

आई म्हणते, काटा राहू दे, मी वाटेत बोनेटवर हात ठेवून सांगत जाईन. तिला गाडीत बसवून ठेवलं तर ती उतरायचीही नाही. तुमचा चष्मा झाला का?

तुमची,
खटपटी

दि. ५ फेब्रुवारी

चि. खटपटीस आशीर्वाद.

जागा बरोबर आहे, भाची चुकली. ती टेप आधी काढ.

तुझ्या सेन्सरला एकच वायर आहे ना? ती मीटरकडे जाते. विजेची परतीची वाट त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात असते, आणि ती तू टेप गुंडाळून बुजवलीस. नळाला जे औषध ते इथे विष. आटे लख्ख पूस, सोबत आलेलं तांब्याचं वॉशर घाल आणि कोरडाच आवळ. काटा न हलला तर नाव बदलीन.

तरीही निघू नका. मी पुन्हा विचार केला. सेन्सरची खरी जागा चेंबरच्या कुशीत. चेंबर उतरवून, भोक पाडून, वेल्डिंग करून घ्यावं लागेल. मग ऑइल थंड करणारी जाळीही लावून घे. सावकाश होऊ दे, पावसाळ्यानंतर बघू. चष्मा अजून व्हायचा आहे. (चष्म्याबद्दल मी काही बोलत नाही. मामी.)

तुझा,
मामा

दि. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

टेप काढल्याबरोबर काटा हलला. काल पोरीने मला निम्मा घाट चढवून आणला. काटा वर सरकला तशी तिने गाडी सावलीला लावली, आम्ही चहा प्यायलो, तो खाली आला, पुन्हा निघालो. लाल दिवा काही लागला नाही. सेन्सर आहे तिथेच राहील.

ड्रेन बोल्ट नको म्हणालास, ते पटलं. चकती सांगितलीस, ती बसवली. ती चालेल असं दिसल्यावर तुला चेंबर आठवलं, मग जाळी, मग पावसाळा. सतरा फाटे फोडतोयस. तू सेन्सरला जागा शोधत नाहीस रे, मला थोपवायला जागा शोधतोयस.

तुझा चष्मा शाबूत आहे. उजवा हात उचलत नाही, पाय ओढतोस आणि दुकानाला कुलूप आहे, हे तुझ्या बायकोने मला केव्हाच सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, मी शपथ घालून विचारलं होतं. म्हणूनच तर डिसेंबरात तडकाफडकी निघाले होते. वाटलं, तू आपणहून सांगशील. तू ठणठणीत असल्याचं कळवलंस. मला राग आला आणि मी खूप रडलेसुद्धा.

पण एक सांगते. काटा हलत नाही असं पोरीने लिहिलं, तेव्हा तू नुसता गप्प राहिला असतास तरी आम्ही इथेच अडकलो असतो. तुला ते जमलं नाही. भाचीचं काम अडलेलं तुला बघवलं नाही. ते वाचलं आणि माझ्या जिवात जीव आला. माझा भाऊ आहे तसाच आहे.

येत्या नव्हे, पुढच्या रविवारी येते. मला कामाला लावायचं असेल तर लाव, पण परत पाठवू नकोस.

तुझी,
ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

तुझ्यासमोर मला खुर्चीतून उठता येणार नाही, याची लाज वाटत होती. बाकी काही कारण नव्हतं. ये. रविवारी ये.

घाटाच्या माथ्यावर इंजिन लगेच बंद करू नका, थोडं तसंच चालू द्या, म्हणजे ऑइल निवतं. आणि एक ऐक. फाटकात आल्यावर धावत माझ्याकडे येऊ नकोस. आधी खटपटीला बोनेट उघडायला सांग. तुझी भावजय मला धरून तिथवर आणेल. मी वाकून सेन्सर बघत राहीन, तेवढ्यात तुला काय रडायचं ते रडून घे. मलाही तेवढा वेळ लागेल.

तुझाच,
धाकटा